रेडिएटरच्या पंख्याला हाताचा स्विच: तो कोठे जोडावा?

वाहतूक कोंडीत गाडी थांबली की रेडिएटरमधून वाहणारा वारा थांबतो आणि शीतक तापू लागतो. साधारण ९५ अंश सेल्सिअसला औष्णिक स्विच परिपथ पूर्ण करतो व पंखा फिरतो. हा स्विच निकामी झाला तर इंजिन तापतच राहते. म्हणून जुन्या गाड्यांत चालकाजवळ हाताचा स्विच बसवतात.

मोटरच्या तारेत एकसर जोडणी करण्याचा मोह होतो, कारण एक तार वाचते. पण मग सुमारे १५ अँपिअर धारा त्या छोट्या स्विचमधून जाते आणि तो तापून वितळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, स्विच चुकून बंद राहिला तर स्वयंचलित पंखाही बंद पडतो! बिघाडावरचा उपायच बिघाड होतो.

म्हणून स्विच रिलेच्या कॉइलच्या बाजूला घ्यावा. कॉइलचा रोध ८० ओहम धरला, तर धारा = १२ ÷ ८० = ०.१५ अँपिअर, म्हणजे मोटरच्या धारेचा शंभरावा भाग. अनेक गाड्यांत औष्णिक स्विच कॉइलचे एक टोक चॅसिसला जोडतो. त्याच टोकापासून दुसरी तार काढून ती हाताच्या स्विचमधून चॅसिसला न्यावी. दोन्ही स्विच आता समांतर आहेत. कोणताही एक लागला की पंखा फिरतो. हाताचा स्विच पंखा बंद करू शकत नाही, आणि तेच हवे आहे.

काम करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. नंतर तपासताना रिलेची टिकटिक ऐकू आली तरी पंखा फिरला नाही, तर फ्यूज, रिलेचे संपर्क किंवा मोटर पाहावी. टिकटिकच नसेल, तर दोष कॉइलच्या परिपथात आहे. पंख्याचा वेग स्पंदांनी कमीजास्त करणाऱ्या नव्या गाड्यांना ही जोडणी लागू नाही.