आढींतील आंबा कां कुजतो?

महाड व पोलादपूर तालुक्यांतील बहुतेक खातेदारांच्या परसांत किंवा वरकस जमिनींत आंब्याचीं पांच-दहा झाडें असतातच. कारकुनीच्या दिवसांत अशा झाडांच्या नोंदी मीं पुष्कळ लिहिल्या. फळें उतरून भाताच्या पेंढ्यांत आढी घालावी आणि आठ दिवसांनीं उघडावी, तों निम्म्या फळांवर काळे डाग पडलेले असावेत, हा अनुभव पुष्कळांस आला असेल. मजवरही एके वर्षीं हा प्रसंग आला. आढी घालतांना एकाही फळावर डाग नव्हता, म्हणून मीं दोष पेंढ्याच्या ओलसरपणास दिला. तो माझा समज चुकीचा होता.

हे डाग बहुधा करपा रोगाचे असतात. कोलेटोट्रायकम नांवाच्या बुरशीमुळें तो होतो. तिचें सूक्ष्म बीज पावसाच्या व दंवाच्या पाण्याबरोबर मोहोरावर आणि कोवळ्या फळांवर पडतें, सालीस चिकटतें व तेथें निपचित राहतें. कैरी बाहेरून निर्दोष दिसते. मग फळ पिकूं लागलें हें त्या बुरशीस कळतें कसें?

पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नांवाचा वायु निघतो. दिव्याच्या गॅसांतील याच वायूनें वाटाण्याचे कोंब वांकडे होतात, हें १९०१ सालीं रशियांत नेल्युबोव्ह यांनीं ओळखलें. फळें तो स्वतः तयार करतात, हें १९३४ सालीं इंग्लंडांत गेन यांनीं सिद्ध केलें. आढी घालून आपण हा वायुच कोंडून ठेवतों. फळाच्या पेशींत त्याची चाहूल घेणारीं प्रथिनें असतात व त्यांत तांब्याचा अंश असतो. वायु नसेल तोंवर तीं पिकण्याची क्रिया रोखून धरतात. वायु येऊन चिकटला कीं अटकाव उठतो. आमच्या दप्तरी भाषेंत सांगावयाचें तर मनाईहुकूम रद्द होतो. अशींच प्रथिनें पाण्यांतील कांहीं निळ्या-हिरव्या सूक्ष्मजंतूंतही सांपडलीं आहेत.

खरी गोम पुढेंच आहे. १९९४ सालीं अमेरिकेंत ओहायो येथें फ्लायशमन व कोलट्टुकुडी यांनीं दाखविलें कीं, इथिलीन लागतांच या बुरशीचें बीज रुजतें व साल भेदण्यासाठीं चिकट फुगवटे काढतें. ज्या टोमॅटोंत इथिलीन तयार होत नव्हतें, त्यांवर बीजाची अशी वाढ झाली नाहीं. बाहेरून वायु पुरवितांच झाली. फळानें आपल्या पिकण्यासाठीं सोडलेला वायु अशा रीतीनें बुरशीसही कामाची वेळ कळवितो.

तेव्हां उपायास आरंभ झाडापासून करावयास हवा. पावसाळा संपल्यावर वाळक्या फांद्या छाटून जाळाव्या, कारण बुरशीचा सांठा तेथें असतो. मोहोरावर व लहान फळांवर दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणें फवारणी करावी. उतरलेलीं फळें ५२ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यांत १० मिनिटें बुडवून सुकवावीं. येथें हात घालून अंदाज करूं नये, उष्णतामापक घ्यावा. पाणी अधिक तापलें तर साल भाजते. आणि आढी आठ दिवस झांकून ठेवूं नये. दर दोन दिवसांनीं चाळून डागी फळ बाहेर काढावें, कारण रोगट फळ इथिलीन अधिकच सोडतें. आमच्या घरच्या वडील बायका आढी रोज चाळीत, आणि मला त्याचा कंटाळा येई.