विजेच्या झटक्याने नरमणारा पत्रा

पुण्याच्या तांबट आळीत भांडी घडताना आपण पाहिली असतील, तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. ठोके खाऊन तांब्याचा पत्रा कडक झाला की कारागीर तो भट्टीत तापवतो, निववतो आणि पुन्हा ठोकू लागतो. न तापवता ठोकत राहिले, तर पत्रा चिरतो. मोटारींचे पत्रे दाबणाऱ्या कारखान्यांपुढेही हीच अडचण असते. मॅग्नेशियम पोलादापेक्षा कितीतरी हलके. पण त्याचा पत्रा थंड असताना थोड्याशा ताणानेच तडकतो. म्हणून तो २००-३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून दाबावा लागतो. पत्र्यातून वीज सोडून हे काम भागेल काय?

आधी धातू वाकतो कसा ते पाहू. जड सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलली, तर सतरंजी सहज सरकते. धातूच्या स्फटिकातही अणूंच्या रचनेत अशा ‘सुरकुत्या’ असतात. त्यांना स्थानभ्रंश म्हणतात. ते सरकतात तेव्हा धातू आकार बदलतो; ते एकमेकांत अडकले की धातू कडक होतो.

१९६३ साली सोव्हिएत संघात त्रॉइत्स्की व लिख्तमन यांना आढळले, की इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर जस्ताचे स्फटिक अधिक सहज ताणले जातात. पुढे विद्युत्प्रवाहाचे झटके देऊनही तसाच परिणाम दिसला. वाहणारे इलेक्ट्रॉन अडकलेल्या स्थानभ्रंशांना धक्का देत असावेत, अशी कल्पना पुढे आली.

पण प्रवाहाने धातू तापतोही! मग हा गुण विजेचा की उष्णतेचा? थोडे गणित करू. अ‍ॅल्युमिनियमची १०० मिमी लांब, १० मिमी रुंद व १ मिमी जाड पट्टी घेतली, तर तिचा रोध सुमारे ०.०००२८ ओहम भरतो. तीतून १,००० अँपिअर प्रवाह ०.१ सेकंद सोडला, तर I²Rt या सूत्राने २८ ज्यूल उष्णता निर्माण होते. पट्टीचे वस्तुमान २.७ ग्रॅम, म्हणजे तापमान ११-१२ अंशांनी वाढेल. झटके लागोपाठ दिले, तर पट्टी चांगलीच तापेल. म्हणूनच केवळ ‘पत्रा मऊ झाला’ एवढ्यावरून इलेक्ट्रॉनांना श्रेय देता येत नाही. तेवढ्याच तापमानाच्या, पण झटके न दिलेल्या पट्टीशी तुलना करावी लागते.

अशी काळजी घेऊन बर्कली येथील संशोधकांनी टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूवर केलेले प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यांमुळे स्थानभ्रंशांची मांडणीच बदलते, केवळ उष्णतेने हे घडत नाही, असे त्यांत दिसले. तरी प्रत्येक धातूत उष्णतेचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही.

व्यवहारात फायदा दुहेरी. पत्र्याला कमी बळ लागते आणि वाकवल्यावर तो मागे उसळण्याची खोडही कमी होते. पण अडचणीही आहेत. साचा विद्युतरोधक हवा, प्रवाह प्रचंड हवा. शिवाय पत्रा जिथे पातळ होतो, तिथेच तो जास्त तापतो आणि आणखी पातळ होतो. प्रवाह अखंड न ठेवता थांबून थांबून देण्याचे हे एक कारण.

घरच्या विजेवर हा प्रयोग कदापि करू नये. मात्र वर्गात तांब्याची जाड तार दहा-बारा वेळा वाकवून सरळ करा. ती कडक झालेली हाताला जाणवेल. मग ती चिमट्यात धरून ज्योतीवर लाल करा आणि पूर्ण निवल्यावर पुन्हा वाकवून पाहा. तार नरम का झाली, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.