वाशीमच्या काळ्या मातीतले स्फटिकशास्त्र

वाशीम जिल्ह्यातली सोयाबीनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, याचे कारण तिच्या स्फटिकरचनेत आहे. बेसॉल्ट झिजून बनलेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट गटातली खनिजे असतात. त्यांच्या अतिसूक्ष्म थरांमध्ये पाणी शिरले की थर दूर सरतात, सुकले की पुन्हा जवळ येतात. थरांमधले हे अंतर क्ष-किरणांनी मोजता येते. ज्या शास्त्राने पायाखालची जमीन उलगडते, ते शिकायला महानगरच गाठावे लागावे, हे मला पटत नाही.

आता तशी सक्तीही उरलेली नाही. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांची व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट पाहता येतात. शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. प्रयोगशाळेवाचून हे शिकणे अपुरे, असा आक्षेप घेतला जातो. यंत्र हाताळणे पडद्यावर येत नाही, हे खरेच. पण या विषयाचा मोठा भाग भूमिती आणि गणिताचा आहे: सममिती, एकक कोष्ठिका, 230 अवकाशगट, ब्रॅगचा नियम. हे वही, पेन्सिल आणि कागदी प्रतिकृतींनी पक्के होते. शिवाय प्रत्यक्ष मोजलेल्या रचना क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसवर सर्वांना खुल्या आहेत. व्याख्यानांमधल्या इंग्रजीची अडचण मात्र खरी आणि मोठी आहे. तिथे महाविद्यालयातल्या शिक्षकाने व्याख्यान मध्येच थांबवून मराठीत समजावले पाहिजे, गणिते सोडवून घेतली पाहिजेत.