प्रदक्षिणा आणि माघार

नेपाळमधील अन्नपूर्णा पर्वतसमूहाभोवतीची पदयात्रा ही एक प्रकारची प्रदक्षिणाच होय. बेसीसहर येथून मर्स्यांगदी नदीच्या खोऱ्याने वर जायचे, ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग खिंड ओलांडायची आणि मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन काली गंडकीच्या खोऱ्याने पोखऱ्याकडे उतरायचे. आपल्या देवघरांतील शाळिग्राम याच गंडकीचे. गेल्या मार्चमध्ये आमच्या शाखेतील आम्ही तिघे सहकारी या वाटेने गेलो होतो. वसंताच्या आरंभी हिमातून चालताना काय ध्यानी ठेवावे, ते त्या अनुभवाच्या आधारे येथे मांडत आहे.

मार्चमध्ये खालच्या उतारांवर गुरांस फुलू लागतो. खिंडीत मात्र हिवाळ्याचे हिम तसेच असते. रात्रीच्या थंडीने त्याचा पृष्ठभाग गोठून टणक होतो व त्यावर पाऊल ठरते. ऊन चढले की तोच थर भुसभुशीत होऊन पाय गुडघ्यापर्यंत रुततो. दिवस वर येताच वाराही वाढतो. म्हणून पहाटे तीन-चारच्या सुमारास निघून दुपारपूर्वी खिंड ओलांडावी, असा तेथील रिवाज आहे. बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे आणि हिमाच्या झळाळीपासून डोळे वाचविणारा काळा चष्मा सोबत हवाच.

दुसरी गोष्ट उंचीची. खिंडीत श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. यासाठीच बहुतेक पदयात्री सुमारे ३,५४० मीटर उंचीवरील मनांग येथे एक दिवस अधिक थांबतात.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे ताजे हिम. जुन्या थरावर पडलेला नवा थर लगेच एकजीव होत नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमकडे कोसळण्याचा धोका सर्वाधिक असतो.

खिंडीखालच्या थोरोंग फेदी येथे आम्ही मुक्कामाला होतो, त्या रात्री हिमवर्षाव झाला. सकाळी आकाश निरभ्र होते. आमच्यातील ज्येष्ठ सहकारी म्हणाले, ‘‘इतकी रजा खर्ची घातली, पैसे गेले, आता एकच दिवस उरला असताना परत फिरायचे?’’ आमच्या वाटाड्याने मात्र शांतपणे नकारार्थी मान हलविली. रजा संपत आली होती. थांबून वाट पाहणे शक्य नव्हते. आम्ही मनांगला परतलो आणि तेथून जीपने खाली आलो. मुक्तिनाथाचे दर्शन राहिले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद परिचित आहे. झालेला खर्च परत येत नाही. म्हणून पुढील निर्णय त्याच्या आधारे घेऊ नये, हे आपण पुस्तकात शिकतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर हा मोह अधिक बळावतो, कारण परत फिरणे म्हणजे उरलेली अर्धी वाट कायमची सोडणे. या मोहाची किंमत मोठी असू शकते. विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे ऑक्टोबर २०१४ मध्ये या परिसरात प्रचंड हिमवर्षाव झाला आणि ४० हून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यांत पदयात्रींबरोबर वाटाडे आणि स्थानिक रहिवासीही होते.

तेव्हा निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस राखीव ठेवावेत. प्रवास-विम्याच्या अटीही वाचाव्यात. अनेक विमापत्रांत ठराविक उंचीवरील पदयात्रा वगळलेली असते. आणि कोणत्या परिस्थितीत परतायचे, ते घरीच ठरवावे. खिंडीखाली मन आपले ऐकत नाही.

महादेवाच्या देवळात आपण सोमसूत्र ओलांडत नाही, तेथूनच मागे फिरतो. म्हणून ती प्रदक्षिणा कोणी अपुरी मानीत नाही.