शंभर जुने चष्मे, कामाचे सात

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2012मध्ये दानात आलेले 275 जुने चष्मे तपासले. त्यांतले पुन्हा वापरण्याजोगे निघाले फक्त 7 टक्के, म्हणजे जेमतेम 19. गोळा करणे, धुणे, नंबर मोजणे, निवडणे आणि पाठवणे हा सगळा खर्च धरला, तर कामाचा एक चष्मा 20.49 डॉलरला पडत होता. नवा तयार चष्मा पुरवायला याच्या जवळपास निम्माच खर्च येतो.

एवढे चष्मे बाद का होतात? काही चष्म्यांच्या भिंगांवर ओरखडे असतात, काहींच्या काड्या सैल किंवा मोडलेल्या असतात. पण खरी अडचण नंबरची आहे. समजा, नंबराच्या कार्डावर उजव्या डोळ्याचा नंबर −2.25, सिलिंडर (तिरका नंबर) −0.75, ॲक्सिस (त्याची दिशा, अंशांत) 170 आणि डाव्याचा −1.50, सिलिंडर −1.00, ॲक्सिस 15 असा लिहिला आहे. अशा नंबरांचा चष्मा ज्याच्यासाठी बनला, त्याच्याच कामाचा.

हिशेब मांडून पाहू. −6 ते +6 या टप्प्यात पाव-पाव नंबराने 49 नंबर होतात. दोन डोळ्यांचे मिळून 49 × 49, म्हणजे 2,401 जोड्या. त्यात 2 पर्यंतचा सिलिंडर पाव-पाव नंबराने आणि ॲक्सिस दहा-दहा अंशांनी धरला, तर जोड्या पाच कोटींवर जातात. दोन्ही डोळ्यांचे नंबर बहुधा जवळपासचे असल्याने प्रत्यक्षात हा आकडा बराच कमी होतो, हे खरे. पण गोळा केलेल्या ढिगातून नेमका जुळणारा चष्मा शोधणे तरीही कठीणच. शिवाय दोन बुबुळांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते.

आता गरज पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या अहवालानुसार, दूरचे दिसण्यासाठी योग्य चष्मा न मिळाल्याने दृष्टिदोष राहिलेले लोक 12.37 कोटी होते. चाळिशीचा चष्मा नसल्याने जवळचे दिसत नाही, असे लोक होते 82.6 कोटी, म्हणजे साडेसहापटीहून अधिक. चाळिशीच्या चष्म्याला बहुतेकदा ही किचकट जुळवाजुळव लागत नाही. दूरचा नंबर नसेल, तर दोन्ही डोळ्यांना सारखाच प्लस नंबर चालतो. +1 ते +3 दरम्यान अर्ध्या-अर्ध्याने पाच नंबर ठेवले, की बहुतेकांचे काम भागते. असे तयार चष्मे आपल्याकडे रस्त्यावरही शंभर-दीडशे रुपयांत मिळतात.

या साध्या चष्म्याने काय फरक पडतो, हे आसामच्या चहामळ्यांत मोजले गेले. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चाळिशी ओलांडलेले 751 कामगार होते. निम्म्यांना लगेच चष्मे दिले, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची रोजची पानतोडणी 25 किलोवरून जवळपास 35 किलोवर गेली. चष्मा न मिळालेल्यांचीही वाढली, पण 26 वरून साडेतीस किलोपर्यंतच. निव्वळ फरक सुमारे पाच किलोंचा, म्हणजे जवळपास 22 टक्के. माणशी खर्च आला 10.20 डॉलर.

अंधत्व-निवारणासाठी काम करणाऱ्या संस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना जुने चष्मे वाटू नका, असेच सांगते. नंबर काढताना डोळे तपासले जातात, तेव्हा मोतीबिंदू किंवा काचबिंदूही ध्यानात येऊ शकतो. ढिगातला चष्मा हाती ठेवला, की ती तपासणीच राहून जाते.

मग घरातल्या जुन्या चष्म्यांचे काय? फ्रेम धड असेल, तर चष्मेवाल्याकडून तिच्यातच नवी भिंगे बसवून घ्या. निम्मी वस्तू वाचते. नंबर फारसा बदलला नसेल, तर जुना चष्मा अडीनडीला ठेवा. ओरखडे नसलेला, दोन्ही बाजूंना सारख्या नंबराचा वाचायचा चष्मा असेल, तर जवळच्या नेत्रशिबिरात आधी विचारा आणि मगच द्या. बाकीच्यांचा मोह सोडा. दानच करायचे असेल, तर शिबिराला दोन-तीन नव्या चष्म्यांचे पैसे द्या.