दुब्रोवित्सीचं पांढरं चर्च: फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी

मॉस्कोच्या दक्षिणेला पोडोल्स्कजवळ, देस्ना आणि पाख्रा या नद्यांच्या संगमावर दुब्रोवित्सी ही जुनी जहागीर आहे. इथला वाडाही देखणा आहे, पण खरी जादू ‘झ्नामेनिये’ चर्चची! पीटर द ग्रेटचे शिक्षक प्रिन्स बोरिस गोलित्सिन यांनी १६९० मध्ये ते बांधायला घेतलं आणि १७०४ मध्ये खुद्द पीटरच्या उपस्थितीत त्याची प्रतिष्ठापना झाली.

रशियन चर्च म्हटलं की कांद्याच्या आकाराचे घुमट आठवतात. इथे कळसाला चक्क सोनेरी मुकुट आहे! ऑर्थोडॉक्स परंपरेत संतांचे पुतळे क्वचितच दिसतात. इथे ते दाराशीच उभे आहेत आणि भिंती कोरलेल्या पानाफुलांनी भरल्या आहेत.

हे कोरीवकाम टिपायचं तर उजेड बाजूने, तिरका पडायला हवा. पश्चिमेच्या मुख्य दारावर तो दुपारनंतर येतो. डिसेंबरात तर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ११ अंश वर असतो, त्यामुळे ऊन पडलं तर प्रत्येक पाकळीची सावली उठून दिसते. मात्र पांढरा चुनखडक आणि बर्फ एकत्र आले की कॅमेरा फसतो आणि फोटो करडा येतो. एक्स्पोजर +१ पर्यंत वाढवा आणि हिस्टोग्राम बघत राहा.

आतलं स्टुको काम अप्रतिम आहे. पण १९९० पासून इथे पुन्हा उपासना चालते. त्यामुळे आधी परवानगी विचारा, फ्लॅश बंद ठेवा आणि प्रार्थना करणाऱ्यांवर कॅमेरा रोखू नका.