बटाट्याचे बियाणे : कापून लावावे की अखंड?

बटाट्याच्या लागवडीत सर्वांत मोठा खर्च बियाण्याचा असतो. पंजाबातून आलेले बियाणे मंचर, पुसेगावसारख्या बाजारांतून शेतकऱ्याच्या हाती पडते. हा व्यवहार पुष्कळदा उधारीवर चालतो आणि पीक निघाल्यावर हिशेब होतो. म्हणून बियाणे कापून लावावे की अखंड, हा प्रश्न शेतकऱ्याइतकाच भाजीबाजारातील आपल्या बागवान बांधवांच्याही नफ्या-तोट्याचा आहे.

कापल्याने काय होते? बटाट्याच्या शेंड्याकडचा डोळा प्रथम फुटतो आणि इतर डोळ्यांना दाबून धरतो. बटाटा उभा कापला की ही सत्ता मोडते, बाकीचे डोळेही फुटू लागतात आणि शेंड्याचे डोळे दोन्ही फोडींत वाटले जातात. फोड 40 ते 50 ग्रॅमची असावी व तिला दोन-तीन चांगले डोळे असावेत. त्याहून लहान फोडीत अंकुराला पुरेल इतके अन्न नसते, त्यामुळे रोप अशक्त निघते.

मोठ्या अखंड बियाण्याला खोडे जास्त येतात. बटाटे संख्येने अधिक, पण आकाराने लहान मिळतात. फोडीला खोडे कमी येतात, बटाटे थोडे पण मोठे भरतात. सर्व फोडी उगवल्या तर एकूण उत्पन्नात फार फरक पडत नाही. खरा तोटा होतो तो नांग्या पडल्याने.

हिशेब पाहू. 60 बाय 20 सेंटिमीटर अंतराने एकरी सुमारे 33,700 रोपे बसतात. 60 ग्रॅमचे अखंड बियाणे सुमारे 20 क्विंटल लागते. 40 ग्रॅमच्या फोडी साडेतेरा क्विंटल पुरतात. बचत साडेसहा क्विंटलची. पण दहा टक्के फोडी कुजल्या आणि रोपाला पाव किलो बटाटा धरला, तर सुमारे साडेआठ क्विंटल माल कमी येतो. बियाण्याचा भाव खाण्याच्या बटाट्याहून चढा असतो हे खरे. तरी कापणीची मजुरी आणि औषध धरता बचतीचा मोठा भाग नांग्यांतच जातो.

म्हणून हंगाम पाहूनच सुरी हाती घ्यावी. खरिपात जमीन ओली व उबदार असते. फोडी लवकर कुजतात. तेव्हा लहान आकाराचे अखंड बियाणेच बरे. रब्बीत हवा थंड झाल्यावर वाफशावर फोडी लावण्यास हरकत नाही.

शीतगृहातील बियाणे काढून लगेच कापू नये. आठ-दहा दिवस सावलीत पसरून कोंब दिसू द्यावेत. सुरकुतलेले, मऊ पडलेले बियाणे कापू नये. कापताना आत तपकिरी कडे दिसले तर तो बांगडी रोग समजावा. असा बटाटा बाजूला काढून नष्ट करावा आणि सुरी जंतुनाशक द्रावणात बुडवल्याशिवाय दुसऱ्या बटाट्याला लावू नये. एका सुरीने रोगट बटाट्याचा रोग साऱ्या बियाण्यात पसरतो. दोन सुऱ्या ठेवल्या म्हणजे एक द्रावणात, एक हातात, असे काम अडत नाही. फोडी मॅन्कोझेबच्या द्रावणात बुडवून सावलीत, हवेशीर जागी एक-दोन दिवस पातळ पसराव्यात. जखमेवर खपली धरते. उन्हात वाळवल्यास किंवा ओल्या पोत्यात भरल्यास केलेले सारे वाया जाते.

शेवटी व्यापारी बांधवांसाठी एक गोष्ट. खाण्याचा मोठा बटाटा "कापून लावा, चालेल" असे सांगून बियाणे म्हणून खपवला, तर त्यातला रोग शेतकऱ्याला पेरणीच्या दिवशी दिसत नाही. महिन्याभराने शेतात दिसतो. मालातील ऐब गिऱ्हाइकाला आधी सांगणे ही आपल्या दीनची शिकवण आहे, आणि उधारी वसूल होण्याची खात्रीही त्यातच आहे. ज्याचे पीक बुडाले, तो पैसे कुठून देणार? पोते उघडून, दोन-चार बटाटे समोर कापून दाखवावेत. अशा तिजारतीत बरकतही असते आणि पुढच्या हंगामाचे गिऱ्हाईकही.